लायन लिहिणाऱ्या लूक डेव्हिसचं अजून काय काय बघावं? आणि कवी माणूस इथवर पोचला कसा?

रेवा_नाशिक:

नमस्कार मंडळी. परवा रविवारी आईबरोबर लायन बघितला. मी दुसऱ्यांदा, आई पहिल्यांदा. २०१६ चा सिनेमा आहे, बहुतेकांनी पाहिला असेल, तरी थोडक्यात सांगते. खांडव्याचा पाच वर्षांचा सरू मोठ्या भावाबरोबर, गुड्डूबरोबर, बऱ्हाणपूर स्टेशनला जातो, रात्री एका रिकाम्या गाडीत झोपतो आणि ती गाडी त्याला थेट कलकत्त्याला नेऊन सोडते. घरचा पत्ता नाही, आईचं नाव नाही, बंगाली येत नाही. शेवटी ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियामधलं एक जोडपं त्याला दत्तक घेतं आणि पंचवीसेक वर्षांनी तो कॉम्प्युटरवर उपग्रहाचे नकाशे बघत बघत स्वतःचं गाव शोधून काढतो. सगळं खरं घडलेलं, सरू ब्रायर्लीचं स्वतःचं पुस्तक आहे त्यावर.

सिनेमा संपल्यावर आई बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, ती माउली तिथेच राहिली गं, लांब कुठे गेली नाही, पोरगं परत आलं तर सापडायला हवी म्हणून. मला ते इतकं लागलं की रात्री झोपायच्या आधी हे लिहिलंय कुणी ते शोधलं, तर नाव निघालं लूक डेव्हिस, सिडनीचा, १९६२ चा जन्म. आणि पुढे वाचत गेले तर हा मुळात कवी, ऐंशीच्या दशकात हेरॉइनच्या व्यसनात अडकलेला, त्यातून बाहेर पडल्यावर १९९७ मध्ये कँडी नावाची कादंबरी लिहिली तीही त्याच व्यसनावर, आणि मग २०१८ चा ब्यूटिफुल बॉय, जो मी तीन वर्षांपूर्वी पाहून दोन दिवस सुन्न होते, तोही ह्याचाच!! मला कधी वाटलंच नव्हतं की हे दोन सिनेमे एकाच माणसाच्या हातचे असतील.

तर माझे प्रश्न दोन. एक, ह्याचं बाकी काय बघू आणि कुठल्या क्रमानं. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला लायन दाखवू का तेही सांगा. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. व्यसनावर लिहिणारा कवी, त्याला खांडव्याची आई कशी काय कळली? नुसतं पुस्तक समोर होतं म्हणून एवढं येत नाही असं मला वाटतं.

---

संहिता_आणि_चहा:

रेवाताई, प्रश्न फार चांगला विचारलात. मी मराठी मालिका आणि दोन सिनेमांसाठी लिहिलंय, त्यामुळे ह्या माणसाकडे मी जरा त्याच नजरेनं बघतो, चालवून घ्या.

आधी प्रवास सांगतो म्हणजे चित्र डोळ्यांसमोर येईल. पहिला कवितासंग्रह १९८२ चा, वय वर्ष वीस. मग ती मधली वर्षं व्यसनात गेली, नव्वदच्या सुमारास तो सुटला. मग कँडी. त्यावरचा सिनेमा २००६ मध्ये आला, पटकथा त्यानं आणि दिग्दर्शक नील आर्मफिल्ड ह्यांनी मिळून केली, हीथ लेजर आणि अ‍ॅबी कॉर्निश, आणि जेफ्री रश. तो बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. त्याच सुमारास हा लॉस एंजेलिसला राहायला गेला. आता तुम्हाला वाटेल की लगेच कामांची रांग लागली असेल, पण तुम्हीच बघा, कँडी २००६ आणि लायन २०१६, मधली दहा वर्षं. त्या वर्षांत तो ऑस्ट्रेलियातल्या द मंथली ह्या मासिकात सिनेमांची परीक्षणं लिहीत होता, कविता लिहीत होता, २०१२ मध्ये त्याच्या इंटरफेरॉन साम्स ह्या संग्रहाला पंतप्रधानांच्या नावाचा जो साहित्य पुरस्कार तिकडे असतो तो मिळाला, कवितेसाठी तो पुरस्कार पहिल्यांदाच दिला गेला त्या वर्षी, ऐंशी हजार डॉलरचा. मग २०१५ मध्ये लाइफ, हॉलिवूडचा नट जेम्स डीन आणि त्याचे फोटो काढणारा डेनिस स्टॉक ह्यांच्यावरचा. तो काढणारी निर्मितीसंस्थाही लायनचीच, सी-सॉ.

आता लायनकडे. तुम्हाला जे कळलं पण नाव देता आलं नाही ते माझ्या मते असं आहे. ही गोष्ट दुसऱ्या कुणाकडे गेली असती तर दहातल्या नऊ जणांनी सुरुवात कुठे केली असती? मोठा झालेला सरू, लॅपटॉप, नकाशा, डोळ्यांत पाणी, कट, लहानपण. मीही तशीच केली असती, खरं सांगतो, कारण देव पटेल हा त्यातला नावाचा नट आहे आणि निर्मात्याला तो पहिल्या पाच मिनिटांत हवा असतो. इथे तसं काही नाही. सरळ लहानपणापासून सुरू, जवळजवळ पाऊण तास, पाऊण तासाच्या वरच, फक्त ते पोरगं, हिंदी आणि बंगालीतून, आणि देव पटेल येतो तो त्यानंतर. त्याचा परिणाम असा की तो मोठा सरू नकाशात जे शोधतोय ते आपण आधी पाहिलेलं असतं. ती पाण्याची टाकी आपल्यालाही आठवते, तो रेल्वेचा पूल आपल्यालाही आठवतो. फ्लॅशबॅकमध्ये आठवण त्याची असते, आपली नसते. इथे आपणही खांडव्यात राहून आलेलो असतो.

आणि दुसरं, तो चमच्याचा सीन. कलकत्त्यात हॉटेलच्या काचेबाहेर सरू उभा आहे, आत एक तरुण सूप पितोय, पोरगं बाहेरून हातात नसलेल्या चमच्यानं त्याची नक्कल करतं, आतला माणूस बघतो, मग दोघं एकमेकांची नक्कल करतात. एक शब्द नाही. आणि त्यातूनच पुढे सगळं घडतं, तो माणूस त्याला पोलिसांकडे नेतो, तिथून सुधारगृह, तिथून दत्तक. एका अख्ख्या आयुष्याचं वळण आणि संवाद शून्य! हे कवीलाच सुचतं असं मी म्हणणार नाही, पण कवीला शब्द कधी गाळायचा ते माहीत असतं एवढं नक्की.

---

बऱ्हाणपूरकर:

मी मूळचा बऱ्हाणपूरचा, आता जळगावला असतो. आमच्याकडे घरात मराठी, बाहेर हिंदी, गावात अशी घरं भरपूर. म्हणून ह्या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

सिनेमा आला तेव्हा आमच्या घरी सगळ्यांनी एकत्र बघितला. काकांना इंग्रजी येत नाही पण पहिल्या भागात त्यांना गरजच पडली नाही, उलट दुसऱ्या भागात ते विचारत बसले की आता काय म्हणाला तो. ज्या स्टेशनवर आमचं लहानपण गेलं त्या स्टेशनचं नाव जगभरच्या लोकांच्या तोंडी गेलं ते अशा गोष्टीमुळे, ह्याचं बरं वाटावं की वाईट हे अजून ठरत नाही. खांडवा तिथून सत्तरेक किलोमीटर, सगळी आमची भुसावळ–इटारसी लाइन. कलकत्ता मेल, म्हणजे अलाहाबादवरून जाणारी, ती ह्याच रुळांवरून जाते. आम्ही लहानपणी तिला हात करायचो. कलकत्ता म्हणजे दीड हजार किलोमीटरच्या वर, पण आमच्यासाठी तो फक्त डब्याच्या पाटीवरचा एक शब्द होता. पाच वर्षांच्या पोराला त्या अंतराची काय कल्पना येणार.

मला पटकथेत सगळ्यात खरी वाटलेली गोष्ट म्हणजे नावांची. सरूला गावाचं नाव सांगता येत नाही. तो राहायचा गणेश तलाई नावाच्या वस्तीत, लहान तोंडात त्याचं गिनेस्टले झालेलं, आणि ते नाव पोलिसांना, संस्थेच्या लोकांना, कुणालाच कुठे सापडत नाही. स्वतःचं नाव शेरू, त्याचं त्यानं सरू केलेलं. शेरू म्हणजे सिंह, सिनेमाचं नाव तिथून आलंय, आणि ते अगदी शेवटी, पडद्यावरच्या ओळीत कळतं. म्हणजे अख्खा सिनेमा आपण ते नाव वाचून बसलेलो असतो आणि अर्थ कळतो तो सगळं संपताना. ज्याला हे शेवटपर्यंत राखून ठेवायचं सुचलं त्याला माझा नमस्कार. तिथेच गुड्डूचंही कळतं, त्याच रात्री गाडीखाली गेला होता तो. सरू झोपेतून उठून हाका मारत फिरतो तेव्हाच... माझी बहीण तिथून उठून आत गेली होती.

एक जाता जाता, जिलेबी. सिनेमात पार्टीत मोठा सरू जिलेबी बघतो आणि सगळं लहानपण उसळून वर येतं. ती नारिंगी, नेहमीची जिलेबी आहे. आमच्या बऱ्हाणपूरची म्हणजे मावा जिलेबी, काळपट तांबूस, जाड, तुपात तळलेली. मुंबईत महंमद अली रोडला रमजानात जी बऱ्हाणपूर जिलेबी म्हणून मिळते तीच. कधी खाल्ली नसेल तर नक्की खा.

---

यारेकाठी:

मी मेलबर्नला असते, अठरा वर्षं झाली. इकडे लायनबद्दल लोक किती बोलतात हे सांगून पटणार नाही, दत्तक गेलेल्या मुलांची आणि घेतलेल्या आईवडिलांची घरं इकडे आहेत ना, त्यांच्यासाठी तो नुसता सिनेमा नाहीये.

रेवाताई, मुलीला दाखवा, पण बरोबर बसून. इथे त्याला पीजी दिलंय म्हणजे मोठ्यांनी सोबत असावं असं. मी माझ्या मुलाला दहाव्या वर्षी दाखवला. दोन ठिकाणी जरा जपा, एक म्हणजे स्टेशनवर रात्री पोरांना उचलून नेतात तो भाग, आणि एक ते नवाजुद्दीनचं पात्र, तिथे काही दाखवत नाहीत पण वातावरण इतकं घाणेरडं आहे की लहान मुलालाही कळतं काहीतरी वाईट आहे. माझ्या मुलानं विचारलं की तो सरूला आवडत नव्हता तर सरू पळाला कसा, त्याला कुणी सांगितलं. मी म्हटलं कुणीच नाही, त्याला आतून कळलं. मग आम्ही त्या दिवशी बराच वेळ बोललो, अनोळखी माणसं वगैरे, जे मला एरवी कसं बोलायचं समजत नव्हतं.

पण मला एका मुद्द्यावर संहिता ह्यांच्याशी थोडं वेगळं म्हणायचंय. दुसरा अर्धा भाग पहिल्यासारखा नाही जमलेला. माणूस लॅपटॉपसमोर बसून नकाशा सरकवतोय, मैत्रिणीशी भांडतोय, दाढी वाढलीये, समुद्राकडे बघतोय. मधे अर्धा तास तेच तेच वाटतं. आणि दुसरा दत्तक भाऊ मंतोष, त्याच्या वाट्याला किती कमी आलंय! तोही हिंदुस्थानातूनच आलेला, त्याचं सगळं बिनसलेलं, स्वतःला मारून घेणारा, आणि सिनेमा त्याच्याकडे फार थोडा वेळ बघतो. मला तर वाटतं त्या घरातली जास्त अवघड गोष्ट त्याची होती.

एक मात्र मानते. निकोल किडमनचा तो सीन, सरूची दत्तक आई सू सांगते की आम्हाला मुलं होत नव्हती म्हणून तुम्हाला आणलं असं नाही, आम्ही ठरवून तुम्हाला निवडलं. त्या जागी मी थिएटरात रडले. इकडे आणि तिकडे, दोन्हीकडचे लोक गृहीत धरतात की दत्तक म्हणजे काहीतरी कमी होतं ते भरून काढणं. त्या बाईनं एका बोलण्यात ते उलटं केलं. स्वतः किडमनचीही दोन मुलं दत्तक आहेत.

---

संहिता_आणि_चहा:

यारेकाठी, मंतोषबद्दल अगदी मान्य. तिथे सिनेमा कमी पडला. नकाशाच्या भागाबद्दल मात्र थोडी बाजू घेतो. प्रत्यक्षात त्या माणसानं कित्येक रात्री हेच केलं, गाडीचा वेग गुणिले तास असा हिशोब करून कलकत्त्याभोवती वर्तुळ काढलं आणि एकेक रेल्वेमार्ग बोटानं धरून मागे मागे गेला. हे पडद्यावर कसं दाखवायचं? त्यात काही घडतच नाही. मला वाटतं म्हणूनच तो भर शोधावरून अपराधीपणावर नेला, की मी इथे मऊ गादीवर झोपतो आणि तिकडे माझी आई आणि भाऊ रोज मला हाका मारत असतील. दिसायला संथ आहे, पण तो सरू नकाशात फक्त गाव शोधत नाहीये, माफी मागायला जागा शोधतोय. जमलं किती ते वेगळं, पण दिशा बरोबर होती असं मला वाटतं.

आणि लोकांनी दखल घेतलीच. सहा ऑस्कर नामांकनं, त्यात एक पटकथेचं, आणि ब्रिटिश अकादमीचा रूपांतरित पटकथेचा पुरस्कार डेव्हिसला मिळाला २०१७ मध्ये. ऑस्कर त्या वर्षी मूनलाइटला गेलं.

---

आजचा_दिवस:

नमस्कार. मी इथे सहसा वाचतो, लिहीत नाही. पण रेवाताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यावंसं वाटलं, कारण मी स्वतः दारूतून बाहेर पडलेलो आहे, ह्या दिवाळीला नऊ वर्षं होतील.

ताई तुम्ही विचारलंत की व्यसनावर लिहिणाऱ्याला ती आई कशी कळली. मला वाटतं उलट आहे. व्यसनात पडलेल्या माणसाला एक गोष्ट सगळ्यात जास्त माहीत असते, की घरी कुणीतरी वाट बघतंय आणि आपण जात नाही आहोत. माझी आई रात्री दोनला जिन्यावर पावलं वाजली की दिवा लावायची. ती पावलं माझी नसायची बहुतेक वेळा. आता नऊ वर्षं झाली तरी तो दिवा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. मी लायन पाहिला तेव्हा मला सरूपेक्षा जास्त ती खांडव्यातली आईच दिसत होती, आणि नंतर लेखकाबद्दल वाचलं तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही, वाटलं बरोबर आहे, हा माणूस घराच्या बाहेर बरीच वर्षं राहून आलेला आहे.

कँडी मी पाहिला तो सावरल्यानंतर चौथ्या वर्षी, आधी बघायला नको असं मला समुपदेशकांनी सांगितलं होतं आणि ते बरोबर होतं. जे नुकतेच सावरतायत त्यांनी तो एकट्यानं बघू नये हे मी इथे स्पष्ट लिहितो. त्याचे तीन भाग आहेत, स्वर्ग, पृथ्वी आणि नरक. बरेच सिनेमे फक्त तिसरा भाग दाखवतात, सुया, उलट्या, पोलीस. म्हणजे बघणाऱ्याला प्रश्न पडतो की एवढं वाईट आहे तर लोक घेतात कशाला. ह्यानं पहिला भाग खरा लिहिला, ते दोघं एकमेकांवर किती प्रेम करतात, किती हसतात, किती सुंदर वाटतं सगळं. मला माझी पहिली दोन वर्षं आठवली. आपल्याला फसवणारा तोच भाग असतो. तो खरा न सांगता पुढचं सांगितलं तर ते कुणाला कळत नाही. आणि त्यातल्या नायिकेच्या, कँडीच्या, आईवडिलांचंही बघा, ते वाईट नाहीत, जेवायला बोलावतात, पैसे देतात, बोलतात चुकीचं, आणि कुणालाच कुणाशी खरं बोलता येत नाही.

ब्यूटिफुल बॉयमध्ये तर त्यानं बाजूच बदलली. तिथे मुलगा क्रिस्टल मेथ घेतो आणि गोष्ट आहे बापाची. मूळ दोन पुस्तकं आहेत, बापानं लिहिलेलं वेगळं आणि मुलानं लिहिलेलं वेगळं, डेव्हिड शेफ आणि निक शेफ, आणि त्या दोन्हींचा मिळून एक सिनेमा केला, दिग्दर्शक फेलिक्स व्हान ग्रूनिंगन आणि डेव्हिस ह्या दोघांनी लिहिला. एका घरातली तीच वर्षं दोन टोकांनी. ज्यानं तरुणपणी मुलाच्या जागेवरून लिहिलं तो पन्नाशी उलटल्यावर बापाच्या जागेवर बसून लिहितो. मी माझ्या वडिलांबरोबर हा सिनेमा पाहिला. पाहताना आम्ही बोललो नाही. नंतर ते फक्त म्हणाले, त्या गाडीच्या सीनला बायको मधेच थांबते ना, ते बरोबर दाखवलंय. सावत्र आई त्याच्या गाडीमागे आपली गाडी घालते, रडत रडत पाठलाग करते आणि मग एका जागी थांबते, पुढे जात नाही. माझे वडील एका रात्री माझ्यामागे स्टँडपर्यंत आले होते आणि तिथून परत फिरले होते. हे त्यांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

लोक म्हणतात त्या सिनेमात तेच तेच होतं, सुधारतो, परत पडतो, सुधारतो, परत पडतो, वेळ पुढेमागे होत राहते. हो, होतं. ते तसंच असतं. घरच्यांना तारखा आठवत नाहीत नंतर, हे कितव्या वेळचं होतं ते सांगता येत नाही.

---

रेवा_नाशिक:

आजचा_दिवस, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली ह्या दादाला सांग की दिवा लावणाऱ्याला त्याचा त्रास वाटत नाही. तिनं सांगितलं म्हणून लिहिते आहे. तुम्हाला आणि घरच्यांना खूप शुभेच्छा.

तुमच्या उत्तरानंतर मला दोन सिनेमांमधली ती एक गोष्ट दिसायला लागली. लायनमध्ये मुलगा शरीरानं हरवतो, ब्यूटिफुल बॉयमध्ये मुलगा समोर टेबलावर बसलेला असतो आणि हरवलेला असतो. हॉटेलात बाप त्याला भेटतो तो सीन, बाप बोलायला बघतोय आणि समोर दुसरंच कुणीतरी बसलंय. म्हणजे हा माणूस सारखा एकच गोष्ट लिहितोय का?

---

यारेकाठी:

हो की! आणि मग न्यूज ऑफ द वर्ल्ड बघाच, तुमच्या म्हणण्याला पुरावा मिळेल. २०२० चा, टॉम हँक्स, डेव्हिसनं दिग्दर्शक पॉल ग्रीनग्रास ह्यांच्याबरोबर लिहिलेला, मूळ पॉलेट जाइल्स ह्यांची कादंबरी. १८७० चं टेक्सास, यादवी युद्ध संपून पाचच वर्षं झालीत. एक म्हातारा कॅप्टन गावोगावी जाऊन लोकांना वर्तमानपत्रं वाचून दाखवतो, दहा सेंट घेऊन. त्याला वाटेत एक दहा वर्षांची मुलगी सापडते, मूळ जर्मन घरातली, घरचे मारले गेले आणि कायोवा ह्या तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या लोकांनी तिला वाढवलं, आता तिथूनही ती तुटली. तिला इंग्रजी येत नाही, त्याला कायोवा येत नाही. तिला चारशे मैलांवर काका-काकूंकडे पोचवायचंय. बघा, परत तेच, एकटं पोर, भाषा बंद, लांबचा रस्ता आणि घर नक्की कुठलं हा प्रश्न. फक्त इथे ती दोन वेळा अनाथ झालीये. ज्या नात्यातल्या घरी न्यायचं ते रक्ताचं घर, आणि तिथे गेल्यावर काय होतं ते मी सांगत नाही, पण मला तिथे लायनमधली सू आठवली.

हा मात्र मुलीला अजून तीन-चार वर्षं थांबून दाखवा, मधे गोळीबाराचा मोठा सीन आहे आणि त्या मुलीला विकत मागणारी माणसं आहेत.

एंजल ऑफ माइन म्हणूनही एक आहे, २०१९ चा, आमच्या मेलबर्नमध्येच घडतो, डेव्हिस आणि डेव्हिड रीगल ह्यांची पटकथा. एका बाईची मुलगी गेलेली असते आणि शेजारपाजारच्या एका मुलीला बघून तिला वाटतं की ही माझीच आहे. थरारपटासारखा केलाय, मला तितका नाही आवडला, पण विषय परत तोच हे खरं.

---

संहिता_आणि_चहा:

एकच गोष्ट लिहितो का, तर माझं उत्तर हो, आणि त्यात काही कमीपणा नाही. ज्यांनी खूप वेगवेगळं लिहिलं अशा लेखकांचंही नीट बघितलं तर एखादाच प्रश्न असतो जो त्यांना सोडत नाही. ह्याला लोक काम द्यायला येतात ते दुसऱ्याची पुस्तकं घेऊन, लायन पुस्तकावरून, ब्यूटिफुल बॉय पुस्तकांवरून, न्यूज ऑफ द वर्ल्ड पुस्तकावरून. म्हणजे गोष्ट दुसऱ्याची. तरी त्यात त्याचा प्रश्न येतोच. रूपांतर करणाऱ्यांना आपल्याकडे जरा दुय्यम समजतात, स्वतःचं सुचत नाही म्हणून दुसऱ्याचं घेतो असं मला दोनदा तोंडावर ऐकवलंय, म्हणून मला हे ठासून सांगावंसं वाटतं. सरूचं पुस्तक सरूचं आहे, पण त्यातलं काय आधी, काय नंतर, काय बोलायचं आणि काय नाही हे ज्यानं ठरवलं त्यानं ते परत एकदा लिहिलं.

ह्या चौकटीबाहेरचं एक म्हणजे कॅच-२२, २०१९ ची सहा भागांची मालिका, डेव्हिड मिशोबरोबर लिहिलेली. युद्धावरची आहे, चांगली आहे, पण तुमच्या प्रश्नाशी तिचा तसा संबंध नाही. वेळ असेल तर बघा.

क्रम माझ्या मते असा ठेवा. लायन झालाच आहे. मग न्यूज ऑफ द वर्ल्ड, तो सावकाश चालणारा आहे, आईंबरोबर बघता येईल. मग ब्यूटिफुल बॉय परत एकदा, आता लेखक माहीत असताना. आणि कँडी सगळ्यात शेवटी आणि एकटीनं. तो पहिला आहे खरा पण पुढचे बघून मागे गेलात तर जास्त कळेल असं वाटतं. लाइफ कधीही.

---

बऱ्हाणपूरकर:

छोटा सरू केलेला तो सनी पवार, तो मुंबईचा, कलिन्याच्या वस्तीतला. निवड झाली तेव्हा त्याला इंग्रजी येत नव्हतं. त्याला दिग्दर्शकाचं बोलणं दुसऱ्या कुणीतरी समजावून द्यायचं आणि मग तो ते करायचा. त्या पोराचे डोळे बघा त्या गाडीत, खिडकीच्या गजांना धरून ओरडतो तेव्हा. संहिताभाऊ म्हणतात तसं शब्द गाळायचे ठीक, पण गाळलेल्या जागेत उभं राहायला असं कुणीतरी लागतं.

रेवाताई, मुलीला दाखवाल तेव्हा एक करा, आधी नकाशावर खांडवा, बऱ्हाणपूर आणि कलकत्ता दाखवा, बोटानं रेल्वेची रेघ धरून. नाशिकहून भुसावळ तर तिला माहीत असेलच, तिथून पुढची आमची लाइन. म्हणजे तिला कळेल की हे लांब कुठलं नाही, आपल्याच गाडीच्या पुढच्या स्टेशनांचं आहे.

---

रेवा_नाशिक:

सगळ्यांचे मनापासून आभार. नकाशाची कल्पना लगेच केली. मुलीनं बोट धरून भुसावळवरून सुरुवात केली, बऱ्हाणपूर, खांडवा, इटारसी, जबलपूर, मग अलाहाबाद, आणि मधेच थांबून म्हणाली, आई, ह्यातल्या एखाद्या स्टेशनवर तो उतरला असता तर? मी म्हटलं दारं बंद होती गं. मग तिनं विचारलं, आणि खिडकीतून कुणाला दिसला नाही का. मी तिला म्हटलं शनिवारी बघू आपण, आजीपण बसेल.

न्यूज ऑफ द वर्ल्ड मी आणि आई पुढच्या आठवड्यात बघतोय, बघून झाला की इथेच लिहीन. यारेकाठी, त्या काका-काकूंच्या घरी काय होतं ते सांगितलं नाहीत हे बरं केलंत.

---

आजचा_दिवस:

रेवाताई, तुमच्या आईंचा निरोप माझ्या आईला फोनवर सांगितला. ती म्हणाली, त्यांना माझा नमस्कार सांग, आणि दिवा अजून तिथेच आहे, फक्त आता पिवळा बल्ब मिळत नाही म्हणून पांढरा लावलाय.